रागाला सीमा नसते, मार्कांना असते

दहावीला संगीत विषय घ्यायचा म्हटलं की घरून प्रश्न ठरलेला: "त्याचं पुढं काय करणार?" भूमितीतल्या प्रमेयाबद्दल हे कुणी विचारत नाही. कारण प्रमेयाला मार्क आहेत.

आता आपल्याच भागाकडं बघा. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ सालचा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. धारवाडजवळच्या मन्सूर गावचे मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला जाऊन नीलकंठबुवांकडं शिकले. दोघांचीही घरची भाषा कन्नड, आणि दोघंही मराठी घराघरांत ऐकले जातात. म्हणजे गाण्याचा मुद्दा मराठी विरुद्ध कन्नड असा नाहीच.

मुद्दा शाळेचा आहे. कर्नाटकच्या दहावीच्या वेळापत्रकात 'हिंदुस्थानी संगीत' छापलेलं असतं, राज्यशास्त्रही असतं. पण हे पर्याय दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी आहेत. ती सोय चांगलीच आहे, ती राहिलीच पाहिजे. बाकीच्या पोरांच्या ६२५ मार्कांत मात्र गाण्याला एकही मार्क नाही.

मग आपली पोरं क्लासला जातात, गांधर्वच्या परीक्षा देतात: प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा. चंदगडचा मुलगाही त्याच देतो. तोच यमन, तोच तीनताल, तेच प्रमाणपत्र. महाराष्ट्र बोर्डात ठराविक परीक्षा पास झालेल्याला दहावीत वाढीव गुण मिळतात. तासाभराच्या अंतरावरच्या बेळगावच्या मुलीचं प्रमाणपत्र फाईलमध्येच राहतं. दहावीचं वर्ष आलं की तिचाच क्लास आधी बंद होतो.

काहीजण म्हणतील, मग वाढीव गुण मागूया. मला ते पुरेसं वाटत नाही. वाढीव गुण क्लासची फी भरू शकणाऱ्यालाच मिळतात. ज्याच्या घरी पेटी नाही, त्याला शाळेतच शिक्षक हवा, तासिका हवी. सीबीएसईत नववी-दहावीला हिंदुस्थानी गायन हा विषय आहे, आणि त्यात लेखीपेक्षा प्रात्यक्षिकाला जास्त गुण आहेत. म्हणजे हे जमतं. आपल्याकडं तो सगळ्यांसाठी ऐच्छिक विषय व्हावा, आणि मराठी माध्यमाच्या मुलांना लेखी पेपर मराठीतून लिहिता यावा.

"गाणं गुरूकडं शिकायचं, पेपरात नाही," हा आक्षेप जुना आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून त्याला उत्तर दिलं. भातखंडेंनी दहा थाटांची मांडणी केली ती 'हिंदुस्थानी संगीत पद्धती'त, आणि तो ग्रंथ मराठीत लिहिला. संगीताचा पेपर मराठीतून मागणं यात नवं काहीच नाही.

राज्यशास्त्र शिकताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. घटनेचं कलम २९ तीन गोष्टी जपण्याचा हक्क देतं: भाषा, लिपी आणि संस्कृती. पाट्या, फलक, कागदपत्रं यासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलंच पाहिजे. पण त्यात पहिले दोन शब्द येतात. तिसऱ्यासाठी आपण शेवटचं निवेदन कधी दिलं?

तेव्हा मित्रांनो, पुढच्या एसडीएमसीच्या बैठकीला घरच्यांना एवढंच विचारायला सांगा: आमच्या शाळेत संगीत शिक्षकाचं पद आहे का, आणि असेल तर ते भरलंय का? उत्तर लेखी मागा. पुढच्या निवेदनाला तोच कागद जोडूया.