संमेलनानंतरचा रविवार

१९३९च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला विज्ञानकथाप्रेमींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं. माणसं जमली सुमारे दोनशे. त्यांत लॉस एंजेलिसहून बसने आलेला एक अठरा वर्षांचा मुलगा होता, रे ब्रॅडबरी. रस्त्यावर वर्तमानपत्रं विकणारा. प्रवासाचे पैसेही त्याने फॉरेस्ट अ‍ॅकरमन या मित्राकडून उसने घेतलेले. मानधन मिळालेली एकही कथा तोवर त्याच्या नावावर नव्हती. तिथे त्याला ज्युलिअस श्वार्ट्झ भेटले. पुढे तेच त्याचे एजंट झाले आणि १९४१मध्ये, हेन्री हॅस यांच्यासोबत लिहिलेल्या कथेला, त्याला पहिलं मानधन मिळालं.

मला मोलाची वाटतात ती मधली दोन वर्षं. संमेलनात चढलेला उत्साह घरी पोचेपर्यंत ओसरू लागतो. पुढच्या आठवड्यात 'काय लिहिलंस?' असं विचारणारं माणूस मिळालं, तरच हात लिहिता राहतो. ब्रॅडबरीला अशी माणसं त्याच्या गावच्या विज्ञानकथा मंडळात मिळाली. गुरुवारी सगळे क्लिफ्टन्स कॅफेटेरियात जमत. त्या वर्तुळातल्या ली ब्रॅकेट पुढे रविवारी सँटा मोनिकाच्या किनाऱ्यावर त्याची हस्तलिखितं वाचत आणि आपली त्याला वाचायला देत. 'द बिग स्लीप'ची पटकथा लिहायचं बोलावणं आल्यावर ब्रॅकेटबाईंनी आपली अर्धवट राहिलेली दीर्घकथा त्याच्याच हाती सोपवली. ती १९४६मध्ये दोघांच्या नावाने छापून आली.

१९५६मध्ये जागतिक संमेलन पुन्हा न्यूयॉर्कला भरलं. ते संपताच काही लेखक पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्डला जमले. डेमन नाइट, जेम्स ब्लिश आणि ज्युडिथ मेरिल यांनी ही बैठक घडवली होती. प्रत्येकाने आपली कथा पुढे ठेवायची आणि इतरांचं परखड मत ऐकून घ्यायचं, अशी तिची रीत. त्याच धर्तीवर १९६८मध्ये 'क्लॅरियन' ही नवोदितांची कार्यशाळा सुरू झाली. १९७०मध्ये तिथे ऑक्टेव्हिया बटलर शिकल्या आणि १९७६मध्ये त्यांची पहिली कादंबरी आली.

आपल्याकडेही साहित्य संमेलनांची सुरुवात लेखकांच्याच भेटीने झाली. न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने १८७८मध्ये पुण्यात भरलं ते ग्रंथकारांचं संमेलन. आज संमेलनात ग्रंथदिंडी असते, परिसंवाद असतात, ग्रंथप्रदर्शनात माणूस अभिमानाने पिशव्या भरभरून पुस्तकं नेतो. हे सगळं हवंच. पण दूरच्या तालुक्यातून आलेली, वहीत चार कथा असलेली मुलगी तिथे कुठे बसते? श्रोत्यांत. आवडता लेखक व्यासपीठावरून उतरतो आणि गर्दीत दिसेनासा होतो. ती फार तर सही घेऊन परतते.

म्हणून आयोजकांकडे माझी मागणी आहे. संमेलनात एक दालन बिनव्यासपीठाचं ठेवा. आठ-दहा खुर्च्या गोल मांडा, चहा ठेवा. नवोदितांनी दोन पानं आणावीत, मुरलेल्या लेखकांनी तासभर सोबत बसून ती वाचावीत. उठण्याआधी प्रत्येकाने एक जोडीदार ठरवावा आणि पुढचं लिखाण कोणत्या तारखेला एकमेकांना पाठवायचं, ते वहीत लिहून घ्यावं. याला ना मोठा खर्च लागतो, ना ठराव. प्रस्थापित लेखकाचा एक तास मात्र लागतो, आणि तो त्यांनी द्यायलाच हवा. त्यांनाही कधीतरी कुणीतरी तो दिलेला असतो.