विश्लेषण : आधुनिक डिझेल गाड्यांना बायोडिझेल मानवते का?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्यावरून २०२५ मध्ये वाहनमालकांत बरीच चर्चा झाली. आता डिझेलकडेही लक्ष वळले आहे. डिझेलमध्ये २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. दुसरीकडे, ‘बायोडिझेल’ नावाने स्वस्तात विकल्या जाणाऱ्या भलत्याच तेलावर महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये अनेकदा छापे पडले आहेत. त्यामुळे बीएस ६ डिझेल गाडीत बायोडिझेल घालणे सुरक्षित आहे का, किती प्रमाणात आणि कोणत्या गाडीत, याचा हा वेध.

बायोडिझेल म्हणजे नेमके काय?

वनस्पती तेल, वापरलेले खाद्यतेल किंवा प्राण्यांची चरबी यांवर मिथेनॉलची प्रक्रिया करून बायोडिझेल तयार होते. साधारण १०० किलो तेल आणि १० ते ११ किलो मिथेनॉल घेतले, तर जवळपास १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन, उरलेले मिथेनॉल, पाणी आणि प्रक्रियेतील क्षार काढून टाकल्यानंतरच ते इंजिनात वापरण्याजोगे होते. नुसते गाळलेले खाद्यतेल म्हणजे बायोडिझेल नव्हे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाच्या रचनेवरचे एक इंजिन १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर चालवून दाखवण्यात आले होते, हे खरे. पण त्या इंजिनाचे आणि आजच्या गाडीतील इंजिनाचे तत्त्व तेवढे एक आहे, यंत्रणा पूर्णपणे वेगळी आहे.

मिश्रणाचे प्रमाण ‘बी’ या अक्षरापुढच्या आकड्याने सांगतात. बी ७ म्हणजे सात टक्के बायोडिझेल आणि ९३ टक्के खनिज डिझेल. बी २० म्हणजे २० टक्के, तर बी १०० म्हणजे शुद्ध बायोडिझेल. ‘बायोडिझेल चालते का’ या प्रश्नाचे उत्तर बरेचसे या आकड्यावर अवलंबून असते.

किती प्रमाण सुरक्षित मानले जाते?

भारतात डिझेलच्या मानकानुसार (आयएस १४६०) सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल मिसळलेले इंधन ‘डिझेल’ म्हणूनच विकता येते. युरोपातील डिझेलच्या मानकातही हीच मर्यादा आहे. म्हणजे तेथील डिझेल गाड्या कित्येक वर्षे बी ७ वर धावत आहेत आणि त्यासाठी इंजिनात वेगळा बदल करावा लागत नाही. अमेरिकेत पाच टक्क्यांपर्यंतचे मिश्रण साधे डिझेल मानले जाते, तर अनेक ट्रक इंजिन उत्पादक बी २० लाही मान्यता देतात. ब्राझीलने ऑगस्ट २०२५ पासून १५ टक्के, तर इंडोनेशियाने त्याच वर्षी ४० टक्के मिश्रण बंधनकारक केले.

हे आकडे पाहून ‘तिकडे ४० टक्के चालते, मग इथे का नाही’ असे वाटू शकते. पण इंजिनाची जात, उत्सर्जन नियमांचा काटेकोरपणा, हवामान आणि इंधनाची शुद्धता या चारही गोष्टी देशागणिक बदलतात. दर्जेदार बी ७ बाबत फारसा वाद नाही. त्यापुढे मात्र प्रत्येक गाडीचे उत्तर वेगळे असते.

जुन्या गाडीला चालले, मग नवीला का नाही?

जुन्या डिझेल इंजिनात यांत्रिक पंप असे आणि इंजेक्टरही तुलनेने ढोबळ असत. जर्मनीत दोन दशकांपूर्वी शुद्ध बायोडिझेलचे पंप जागोजागी होते आणि काही मोटारींना त्याची परवानगीही होती. उत्सर्जन नियम कडक होत गेले, तशी ही मोकळीक संपत गेली.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले. डिझेलमधील गंधकाचे प्रमाण दर दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आले आणि गाड्यांत डिझेल पार्टिक्युलेट फिल्टर अर्थात डीपीएफ आले. कॉमन रेल यंत्रणेत इंधनाचा दाब १६०० ते २५०० बारपर्यंत जातो. इंजेक्टरची छिद्रे मिलिमीटरच्या साधारण दहाव्या भागाएवढी असतात. एवढ्या नाजूक यंत्रणेला इंधनातील थोडासा मळ, पाणी किंवा डिंकासारखा साकाही त्रासदायक ठरतो.

डीपीएफची अडचण नेमकी काय?

नव्या मोटारींतील सर्वात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. डीपीएफ धुरातील काजळी अडवतो. ती साठली की जाळून टाकावी लागते आणि त्यासाठी फिल्टरमध्ये सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापमान लागते. ते गाठण्यासाठी बहुतेक मोटारींत ज्वलन संपत आल्यावर सिलिंडरमध्ये थोडे जास्तीचे इंधन फवारले जाते. त्याची वाफ होऊन ती एग्झॉस्टमध्ये जाते आणि तिथे जळते.

खनिज डिझेलची वाफ साधारण १८० ते ३६० अंशांदरम्यान टप्प्याटप्प्याने होते. बायोडिझेलची वाफ मात्र ३३० अंशांच्या पुढेच होऊ लागते. त्यामुळे उशिरा फवारलेल्या बायोडिझेलचा काही भाग सिलिंडरच्या भिंतीला चिकटतो, पिस्टनच्या कडेने खाली उतरतो आणि इंजिन ऑइलमध्ये मिसळतो. ऑइलमध्ये गेलेले डिझेल इंजिन तापल्यावर बऱ्याच अंशी उडून जाते. बायोडिझेल तिथेच राहते. ऑइल पातळ होते, त्याची वंगणक्षमता घटते आणि बेअरिंगसारख्या भागांची झीज वाढते. डिपस्टिकवरची ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसणे ही त्याची खूण.

शहरात रोज पाच-सात किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत काजळी जाळण्याची प्रक्रिया वारंवार अर्धवट राहते, म्हणून तिला हा धोका जास्त. अनेक अवजड ट्रकमध्ये यासाठीचे इंधन सिलिंडरऐवजी थेट एग्झॉस्टमध्ये सोडले जाते. ट्रकला बी २० चालते आणि मोटारीला चालेलच असे नाही, याचे हे एक मोठे कारण.

आणखी कोणते धोके?

बायोडिझेल चांगला द्रावक आहे. जुन्या टाकीत आणि नळ्यांत वर्षानुवर्षे बसलेला गाळ ते सोडवते आणि तो फिल्टरमध्ये अडकतो. म्हणून जास्त प्रमाणाचे मिश्रण सुरू केल्यावर पहिला फिल्टर लवकर तुंबतो. जास्त प्रमाणात ते काही प्रकारच्या रबरी नळ्या आणि सील फुगवते. तांबे, पितळ आणि जस्त यांच्या संपर्कात ते लवकर खराब होते.

ते हवेतील ओलावाही डिझेलपेक्षा जास्त शोषते. पाणी साठले की टाकीत जिवाणू-बुरशी वाढते. कोकणातील पावसाळ्यात महिनोन् महिने उभी राहणारी गाडी किंवा जनरेटर असेल, तर हा मुद्दा गांभीर्याने घ्यावा लागतो. शिवाय पामतेलापासूनचे शुद्ध बायोडिझेल १३ ते १६ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते. नाशिक किंवा विदर्भात हिवाळ्यात पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा असे इंधन फिल्टरमध्ये अडकू शकते. पाच-सात टक्क्यांच्या मिश्रणात ही अडचण फारशी जाणवत नाही.

शुद्धीकरणात राहिलेले सोडियम, पोटॅशियम किंवा फॉस्फरस जळून राख होते. काजळी जाळता येते, राख जाळता येत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची साठते आणि उत्प्रेरकही निकामी करते.

मग फायदे काय?

गंधक काढल्यावर डिझेलची वंगणक्षमता कमी होते. एक-दोन टक्के बायोडिझेलही ती भरून काढते. त्यात प्राणवायू असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २००२ च्या अभ्यासानुसार, बी २० वापरल्यास सूक्ष्मकण सुमारे दहा टक्के आणि कार्बन मोनॉक्साइड ११ टक्के घटले, नायट्रोजन ऑक्साइड मात्र दोन टक्के वाढले. हा अभ्यास जुन्या इंजिनांवरचा होता. डीपीएफ असलेल्या गाडीत सूक्ष्मकण फिल्टरच अडवतो, त्यामुळे तिथे हा फायदा कमी उरतो. शुद्ध बायोडिझेलमध्ये दर लिटरमागे ऊर्जा सात ते नऊ टक्के कमी असते. बी २० मध्ये मायलेज एक-दोन टक्क्यांनी घटते, तर बी ५ मधला फरक रोजच्या वापरात जाणवतही नाही.

‘स्वस्त बायोडिझेल’चे काय?

खरा धोका इथे आहे. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार बी १०० ची किरकोळ विक्री डिझेलमध्ये मिसळण्यासाठी करता येते, थेट टाकी भरण्यासाठी नव्हे. प्रत्यक्षात मात्र महामार्गांलगत अनेक ठिकाणी औद्योगिक तेल किंवा बेस ऑइल ‘बायोडिझेल’ म्हणून विकले जात असल्याचे कारवायांत उघड झाले. त्यात बायोडिझेल असेलच याचीही खात्री नसते. गंधक, ज्वलनबिंदू, पाणी यांची कसलीही तपासणी झालेली नसते. लिटरमागे काही रुपये वाचवणाऱ्या गाडीमालकाला इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप आणि डीपीएफ बदलण्याची वेळ आली, तर ती बचत केव्हाच बुडालेली असते. इंधन मानकाबाहेरचे निघाल्यास वॉरंटीही नाकारली जाऊ शकते.

भारताचे उद्दिष्ट कुठवर आले?

मागच्या धोरणात जट्रोफाची लागवड आणि २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रण असे स्वप्न होते. ते प्रत्यक्षात आले नाही. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने २०३० साठी पाच टक्के असे माफक उद्दिष्ट ठेवले. तरीही प्रत्यक्ष मिश्रण एक टक्क्याच्या आतच राहिले आहे. अडचण इंजिनाची नाही, कच्च्या मालाची आहे. देशात वर्षाला सुमारे नऊ कोटी टन डिझेल लागते. त्याचे पाच टक्के म्हणजे ४५ लाख टन. भारत खाद्यतेलाच्या गरजेपैकी निम्म्याहून अधिक आयात करतो, त्यामुळे खाण्याचे तेल गाडीत जाळणे परवडणारे नाही. म्हणून वापरलेल्या खाद्यतेलावर भर आहे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये त्यासाठी मोहीम सुरू केली. तळून काळे झालेले तेल पुन्हा कढईत जाण्याऐवजी इंधनात गेले, तर आरोग्यालाही फायदा होतो. पण हॉटेले आणि गाड्यांवरून ते गोळा करणे सोपे नाही.

डिझेलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग यशस्वी न झाल्याने आयसोब्युटेनॉलचा पर्याय तपासला जात असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये सांगितले. पुण्यातील एआरएआय ही संस्था त्यावर काम करत आहे. आयसोब्युटेनॉल हे अल्कोहोल आहे, बायोडिझेल नाही. त्यामुळे त्याच्या चाचण्या आणि धोके वेगळे असतील. हायड्रोजनच्या प्रक्रियेने तेलापासून बनणारे नवीकरणीय डिझेल हा तिसरा पर्याय. ते रासायनिकदृष्ट्या खनिज डिझेलच्या जवळचे असल्याने ऑइलमध्ये साठून राहण्याची अडचण टळते. जर्मनीने मे २०२४ मध्ये त्याच्या शुद्ध स्वरूपातील विक्रीला परवानगी दिली. मात्र ते महाग आहे आणि कच्चा माल तोच लागतो.

वाहनमालकांनी काय करावे?

अधिकृत पंपावरील डिझेलमध्ये मानकानुसार सात टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असले, तरी बीएस ६ गाडीला काळजीचे कारण नाही. त्याहून जास्त प्रमाण वापरायचे असल्यास गाडीच्या माहितीपुस्तिकेत तशी स्पष्ट परवानगी हवी. ती नसेल तर प्रयोग टाळावा. शहरात कमी अंतर चालणाऱ्या गाडीने अधूनमधून महामार्गावर सलग धावणे डीपीएफसाठी चांगले. ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर ठरलेल्या किलोमीटरची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी. गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर टाकी शक्यतो भरलेली ठेवावी, म्हणजे आत ओलावा कमी साठतो. आणि रस्त्याकडेच्या टाकीतून मिळणारे ‘बायोडिझेल’ कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. पाच टक्के मिश्रण उद्या बंधनकारक झाले तरी इंजिन ते पेलेल. पंपावर मिळणारे मिश्रण मानकानुसारच आहे ना, याची तपासणी करणारी यंत्रणा तेवढी सक्षम आहे का, हा प्रश्न मात्र सरकारला सोडवावा लागेल.