पवईचा तळ मोजा

पवई तलाव ओसंडून वाहू लागला की मुंबईत त्याची बातमी होते. 2024 मध्ये तो 8 जुलैला भरला, 2025 मध्ये 18 जूनलाच. महापालिकेचे पत्रक निघते आणि त्यात दरवर्षी तीच माहिती असते: तलाव 1890 चा, बांधकामाचा खर्च 12 लाख 59 हजार रुपये, पाणलोट क्षेत्र 6.61 चौरस किलोमीटर, क्षमता सुमारे 545 कोटी लीटर. 2025 चा पाऊस लवकर आला होता, हे मान्य. पण तलावात आज खरोखर पाणी किती आणि गाळ किती, हे या पत्रकातून कळत नाही. तळाशी वाळू साचलेला हंडाही काठोकाठ भरतो, उलट लवकरच भरतो. तलाव भरल्याचा आनंद मानण्याआधी त्याचा तळ किती वर आला आहे, हे पवईकर विचारत आहेत. त्यांची काळजी रास्त आहे.

गाळ कुठून येतो, हे पाहायला पहिल्या दोन-तीन जोरदार सरी पुरतात. चांदिवली, हिरानंदानी, जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या बाजूच्या नाल्यांतून चहाच्या रंगाचे पाणी धावत येते. आधी खाणींनी फोडलेले, मग इमारतींसाठी कापलेले डोंगरउतार, उघडे पडलेले पाये, रस्त्याकडेला रिकामे केलेले डेब्रिज, डंपरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला चिखल, हे सारे त्या पाण्यात असते. नाला तलावाला मिळतो तिथे पाण्याचा वेग पडतो. जाड वाळू आणि खडी मुखाशीच बसते, बारीक माती आत लांबवर जाऊन हळूहळू खाली बसते. मुखापाशी मातीची जीभ तयार होते. पुढच्या उन्हाळ्यात तिच्यावर गवत उगवते, बगळे उभे राहतात, कडेने जलपर्णी धरते. दोन-चार पावसाळ्यांत तिथे पाणी होते हे सांगावे लागते. तलाव असा कडेकडेने जमीन होत जातो, आणि काठावर नवी जमीन दिसली की तिच्यावर कुणाचा डोळा जाणार, हे या शहराला वेगळे सांगायला नको.

या मातीला चिकटून खतासारखी द्रव्ये येतात, त्यात सांडपाण्याची भर पडते. जलपर्णी फोफावते ती त्यावर. ती कुजून तळाला बसते आणि पुन्हा गाळच वाढवते. उथळ पाणी लवकर तापते, त्यातला प्राणवायू कमी होतो, मासे मरतात. जलपर्णी काढण्यावर पैसा खर्च होत राहतो आणि तिला पोसणारे नाले तसेच वाहत राहतात. हा उपाय नव्हे.

पवईचे ओसंडलेले पाणी मिठी नदीत जाते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीच्या पुराने काय केले, ते मुंबई विसरलेली नाही. वरच्या तलावाची पाणी धरून ठेवण्याची ताकद जितकी घटेल, तितके पाणी लवकर खाली येईल. मिठीतला गाळ काढायला दरवर्षी कोट्यवधी रुपये लागतात. मग तिच्या उगमाशी गाळ साचू देणे ही कोणती काटकसर?

काठ सुशोभित करण्याची हौस मात्र महापालिकेला आहे. तलावाकाठचा सायकल ट्रॅक बेकायदा ठरवून तो काढून टाकण्याचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला 6 मे 2022 रोजी द्यावा लागला. तो पैसा आणि ते मनुष्यबळ नाल्यांच्या मुखांवर लागले असते तर?

करायचे काय, हे अवघड नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर तळाची खोली मोजावी आणि आकडे जाहीर करावेत. प्रत्येक मोठ्या नाल्यावर गाळ बसवणारे कुंड बांधावे आणि ते वर्षभर साफ ठेवावे. भरलेले कुंड नसल्यासारखेच. मे अखेरपर्यंत उघडी माती झाकली नाही तर तिथले बांधकाम थांबवावे, दंडाच्या पावतीवर सोडू नये. तळ उपसायचा तर घाई नको. तलावातल्या मगरी उन्हाळ्यात काठच्या मातीतच अंडी घालतात, तिथे पोकलेन उतरवणे हा गुन्हा ठरेल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेत गाळ शेतात जातो, पण पवईच्या गाळात सांडपाणी मिसळले आहे. तपासणी झाल्याशिवाय तो कुठेही टाकता कामा नये.

पवईकरांनीही आता तोंडी तक्रारीवर थांबू नये. आपल्या इमारतीजवळच्या नाल्याचे, उघड्या मातीचे, टाकलेल्या डेब्रिजचे तारखेसह छायाचित्र काढून विभाग कार्यालयात लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, आणि पाऊस सुरू होण्याआधी उत्तर मागावे.