सरासरीच्या पडद्याआड दडलेली जमीन

एप्रिल 2025 मध्ये महाराष्ट्र शासनाने तीन वर्षांनंतर रेडी रेकनरचे दर वाढवले. सोलापुरात 10.17 टक्के, ठाण्यात 7.72 टक्के, तर मुंबईत अवघे 3.39 टक्के! वरवर वाचणाऱ्याला वाटेल, की तडाखा सोलापूरला बसला आणि मुंबईकर बचावला. टक्केवारीचा हा चकवा प्रथम ओळखला पाहिजे. समजा, एका गावी चौरस फुटाला 3,000 रुपये भाव आहे आणि दुसरीकडे 30,000. पहिल्या ठिकाणची दहा टक्के वाढ म्हणजे 300 रुपये. दुसऱ्या ठिकाणची तीन टक्के वाढ म्हणजे 900 रुपये. ज्याची वाढ ‘किरकोळ’ म्हणून नोंदली जाते, तोच खरेदीदाराच्या गळ्याभोवतीचा फास अधिक आवळत असतो.

रेडी रेकनर म्हणजे बाजारभाव नव्हे. मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी शासनाने ठरवलेले ते किमान मूल्य आहे. परंतु विभागाविभागांनुसार वेगळे दर लावून शासन एक गोष्ट मुकाट्याने मान्य करते: घरांचा एकच एक बाजार अस्तित्वात नाही. मग हा फरक येतो कोठून? सिमेंट, पोलाद आणि गवंड्याची मजुरी यांत सोलापूर व परळ यांच्या दरम्यान काही अंतर असेल. पण ते कित्येक पटींचे नाही. पटींचा फरक आहे तो जमिनीचा. रिकार्डोने दोन शतकांपूर्वी दाखवून दिले, की खंड चढतो म्हणून धान्य महाग होत नाही, तर धान्य महाग होते म्हणून खंड चढतो. घराचेही तसेच आहे. ग्राहक जितके पिळून देऊ शकेल, तितके जमीनमालक शोषून घेतो.

आणि जमिनीला मोल आणतो कोण? रेल्वे, पाणी, गटारे, शाळा हे सारे सार्वजनिक पैशातून उभे राहते. वस्ती गजबजते ती श्रमिकांच्या घामातून. मालकाने केवळ वाट पाहिलेली असते! मुंबईचे गिरणगाव याची साक्ष देईल. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात कामगार देशोधडीला लागला. गिरण्यांची सुमारे 600 एकर जमीन मात्र सोन्याची झाली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने या जमिनीचे स्थूलमानाने तीन वाटे ठरवले होते: महापालिका, म्हाडा आणि मालक. 2001 च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती आकुंचित केली आणि 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. ज्यांनी त्या परिसराला मोल आणले, त्यांच्या वाट्याला उरलेसुरले आले.

यावर बाजारवाद्यांचे ठरलेले उत्तर असते: पुरवठा वाढू द्या, किमती आपोआप उतरतील. घरे अधिक बांधली पाहिजेत, हे कोण नाकारील? परंतु 2011 च्या जनगणनेत मुंबईत सुमारे 4.8 लक्ष घरे रिकामी आढळली आणि त्याच शहरातील चाळीस टक्क्यांहून अधिक कुटुंबे झोपडपट्टीत राहत होती. भाडे नियंत्रणाच्या भीतीने काही घरे कुलूपबंद राहतात, या म्हणण्यात तथ्यांश आहे. तथापि, जेथे घर ही तिजोरी बनते, तेथे वाढलेला पुरवठा बेघरापर्यंत पोहोचण्याआधी गुंतवणूकदारापाशीच थांबतो.

सोलापूरने दुसरा मार्ग दाखवला आहे. कुंभारी येथील रे नगरात विडी कामगार आणि इतर असंघटित श्रमिकांसाठी 30,000 घरांची योजना आखली गेली व जानेवारी 2024 मध्ये त्यांतील 15,000 घरांचे हस्तांतरण झाले. शासकीय अनुदान आणि श्रमिकांची सहकारी संघटना एकत्र आल्या, की सट्टेबाजाला वगळून घर उभे राहते. मात्र त्यासाठी शहराबाहेर जावे लागले, हा काटाही विसरता कामा नये.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. घरांच्या किमती शहराच्या सरासरीने नव्हे, तर विभागवार आणि तेथील मजुरीच्या पटीत जाहीर कराव्यात. एप्रिल 2022 पासून मुंबई, ठाणे, पुणे व नागपूर येथे मुद्रांक शुल्कावर एक टक्का मेट्रो अधिभार लागला. तो भरतो घर घेणारा, आणि मेट्रोमुळे चढलेला भाव खिशात घालतो जमिनीचा विक्रेता. हा न्याय उलटा करून जमिनीच्या अनर्जित वाढीवर कर बसवावा. सार्वजनिक जमीन यापुढे विकू नये. ती भाडेपट्ट्याने श्रमिकांच्या सहकारी संस्थांना द्यावी.

समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत आणावे, एवढीच ही मागणी आहे. ती ज्यांना जहाल वाटते, त्यांनी एका विडी कामगार स्त्रीला परळमधील खोली घेण्यासाठी किती जन्म विड्या वळाव्या लागतील, याचा हिशेब मांडून दाखवावा.