तिथी सोडून आलेली सुकती

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात, समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे इस्ट्रॅक हे केंद्र आहे. संकटात सापडलेल्या नौकांची हाक उपग्रहामार्फत याच केंद्राच्या नियंत्रण कक्षात पोहोचते. २०२४ साली जाहीर झालेल्या नव्या संदेशयंत्रामुळे वादळाचा वा त्सुनामीचा इशारा उलट नौकेकडेही धाडता येतो, आणि मच्छीमाराने तो स्वभाषेत वाचावा अशी योजना आहे. त्सुनामीचा अंदाज वर्तविणारे हैदराबादचे केंद्र तर २००७ पासूनच कार्यरत आहे. प्रश्न उरतो तो ‘स्वभाषा’ या शब्दाचा.

‘त्सुनामी’ हा शब्द मराठीत रूढ झाला तो २००४ नंतर, वृत्तपत्रांतून. आणि निवडणुकांच्या वर्णनात तो इतका झिजला, की त्यात भय फारसे उरले नाही. याउलट कोकणच्या बोलींत भरती, सुकती, उधाण, भांग असे नेमके शब्द नांदतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब तेथील जुन्या माणसांच्या तोंडी असे. सुकती म्हणजे त्यांच्या लेखी कालवे-तिसऱ्या वेचण्याची वेळ, जवळजवळ आमंत्रणच. त्सुनामीपूर्वी समुद्र पुष्कळदा (नेहमी नव्हे) असाच मागे हटतो. तेव्हा ‘तिथी सोडून सुकती आली, डोंगर गाठा’ हे वाक्य त्या किनाऱ्याला कोणत्याही पारिभाषिक संज्ञेपेक्षा लवकर उमगेल.

असे वाक्य मराठीत रुजण्यास निमित्त घडले होते. २८ नोव्हेंबर १९४५ रोजी पहाटे मकरान किनाऱ्यालगत भूकंप झाला. त्याच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या आणि तेथे सुमारे १५ माणसे दगावल्याची नोंद आहे. मराठी लोकस्मृतीत मात्र तिचा ठसा शोधूनच काढावा लागतो. इंडोनेशियातील सिमेउलुए बेटाने १९०७ च्या लाटेची आठवण ‘स्मोंग’ या एका शब्दात आणि गाण्या-गोष्टींत जपली. २००४ साली सुमारे ७८ हजार वस्तीच्या त्या बेटावर अवघे सात जण दगावले.

शब्दयोजनेचा प्रश्न येथे केवळ शैलीचा नव्हे. वादळाच्या इशाऱ्याचा अर्थ ‘बंदरात परता’ असा असतो. त्सुनामी खोल समुद्रात जाणवतही नाही, बंदरात मात्र नौका फोडते. म्हणून तिचा इशारा ‘बंदरात येऊ नका, खोल पाण्यात थांबा’ असाच हवा. दोन्ही वेळी पडद्यावर नुसते ‘धोका’ उमटले, तर तांडेल सवयीने नौका बंदराकडेच वळवील.