भावाआधी फरक पाहा

कापूस विकायचा की घरात ठेवायचा, हे खानदेशातला शेतकरी बहुधा भाव वाढण्याच्या आशेवर ठरवतो. त्याने भावाआधी फरक पाहावा, असे माझे म्हणणे आहे. खेडा खरेदीतला भाव आणि वायदे बाजारातला भाव यांच्यातल्या या फरकाला व्यापारी ‘बेसिस’ म्हणतात. रुईचा वायदा खंडीवर, म्हणजे सुमारे 356 किलोवर बोलला जातो. म्हणून आधी हिशेब जुळवावा लागतो. क्विंटलभर कापसातून साधारण 34 किलो रुई आणि 64 किलो सरकी निघते. समजा, रुई खंडीला 53,400 रुपये, म्हणजे किलोला 150 आणि सरकी किलोला 30 रुपये आहे. त्या क्विंटलचे 7,020 रुपये होतात. दारात 6,500 मिळाले, तर फरक 520 रुपयांचा. जिनिंग, वाहतूक, ओलावा आणि मधल्यांचा नफा या 520 रुपयांत येतात.

भाव आणि फरक यांची कारणे वेगळी आहेत. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राने कापसावरचे 11 टक्के आयात शुल्क उठवले आणि ही सवलत वर्षअखेरीपर्यंत वाढवली. अशा निर्णयांनी भावाची पातळी हलते. धरणगाव किंवा शिरपूरच्या शेतकऱ्याच्या हाती त्यातले काही नसते. फरक मात्र जवळपासच घडतो: कापूस किती वाळलेला आहे, पहिल्या वेचणीत फरदड मिसळली का, जिनला माल हवा आहे का, सेंधव्याचा आणि गुजरातचा खरेदीदार उतरला का. दरवर्षी या आठवड्यात असतो त्यापेक्षा फरक मोठा असेल, तर थांबण्यात किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून थेट जिनवर गाडी नेण्यात अर्थ आहे. तो नेहमीपेक्षा लहान असेल, तर स्थानिक मागणी चांगली आहे; तेव्हा निव्वळ आशेवर कापूस घरात ठेवणे म्हणजे वजनातली घट, आगीची भीती आणि अंगाची खाज पदरी घेणे.

लहान शेतकरी वायद्यात उतरू शकत नाही, हा आक्षेप खरा आहे. पण फरक वाचायला सौदा करावा लागत नाही. हमीभाव असताना हे कशाला, असेही विचारले जाईल. 2025-26 साठी लांब धाग्याला क्विंटलमागे 8,110 रुपये जाहीर झाले होते. हमीभाव मिळत असेल तिथे जरूर विकावे. पण 12 टक्क्यांवर ओलावा असलेला कापूस हमीभावाच्या खरेदी केंद्रावर चालत नाही, आणि त्या केंद्राच्या रांगेत थांबणे प्रत्येकाला परवडत नाही. कर्जाच्या तगाद्याने विकणाऱ्याला फरक कळूनही थांबता येणार नाही, हेही मान्य. तरी आपण नेमके किती सोडतो आहोत, हे त्याला कळलेच पाहिजे. म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या बाजार समित्यांनी फलकावर भावाशेजारी रोजचा फरक आणि मागच्या तीन वर्षांतला त्याच आठवड्याचा फरक लिहावा. व्यापारी हा हिशेब रोज करतो. तो शेतकऱ्यासमोरही असावा.