आधी कचेरीचे मीटर वाचा!



2024 साली सरकारने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल माफ केले. तेव्हापासून वीज कोण उधळतो असे विचारले, की बोट आमच्याकडेच वळते. भूमच्या माळावर ज्वारीला एखादे पाणी मिळावे म्हणून रात्रपाळीच्या विजेवर, विंचूकाट्यात दारे धरणारे आम्ही उधळे! कित्येक पंपांना तर मीटरच नाही. वापर अंदाजाने आमच्या नावावर मांडला जातो. कचेरीला मीटर आहे. ते कोण वाचतो? रिकाम्या खुर्च्यांवर फिरणारे पंखे कोणाच्या खाती धरायचे?

हिशेबच करू. जुना पंखा 75 वॅटचा, नवा कमी विजेचा 30 वॅटचा. तुरुंगात बटण कैद्याच्या हाती नसते, आणि उन्हाळ्यात कोंदट बराकीतला पंखा बंद करा म्हणणे माणुसकीचे नाही. तिथे पंखाच बदलला पाहिजे. चोवीस तास चालणारा एक पंखा बदलला, तर दिवसाला एक युनिट वाचते. पाच अश्वशक्तीचा पंप तासाला साधारण चार युनिट घेतो. म्हणजे चार पंखे बदलले, की एक पंप रोज तासभर चालेल एवढी वीज वाचली. कैद्याचा वाराही कमी झाला नाही.

ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा आहे. आता आमची मागणी ऐका. येरवड्याच्या तुरुंगापासून भूमच्या तहसीलपर्यंत प्रत्येक सरकारी इमारतीचे वीजबिल दरमहा दारावर लावा. जुने पंखे, जुन्या ट्यूब बदला. वाचलेली वीज शेतीला दिवसा द्या. मग आमच्या पंपाकडे बोट दाखवा!